काचेतली वहिनी

आमच्या प्रभावहिनीचा फोटो नव्या पेठेतल्या गुरुसिद्धप्पांच्या स्टुडिओच्या काचेत लागला, आणि मार्शल लॉ उठल्यापासून सोलापुरात पाहिली नव्हती एवढी गर्दी मी तिथं पाहिली. वहिनी मुलींच्या शाळेत मास्तरीण. माझा भाऊ गेल्यावर आम्हा दोघींचं घर तिच्याच पगारावर चाललेलं. आणि फोटो कसा, तर पाटावर बसलेली, लुगडं गुडघ्याच्या वर, हात उघड्या मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले, ओठ जरासे उघडे.

लगेच शाळेच्या कमिटीचं बोलावणं आलं. असली बाई मुलींना काय शिकवणार, असं म्हणे ठरतच आलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण मला फोटो पाहताक्षणीच कळलं होतं. अहो, चातुर्मासात घरोघर बायका लाख वाती वळतात, त्या काय आकाशातून पडतात? दुपारी पुरुष बाहेर गेले की लुगडं वर घ्यायचं, मांडीवर कापूस धरायचा, तळहातानं वळायचा, आणि देवाचं नाव घेत मोजायचं. म्हणून ओठ उघडे. पुरुषांना बापड्यांना वात दिसते ती थेट निरांजनात.

वहिनीला मी विचारलंसुद्धा नाही. मूठभर कापूस ओच्यात खोवला आणि तिच्याबरोबर निघाले.

अध्यक्ष गंगाधरपंतांच्या ओसरीवर कमिटीचे चौघे बसले होते. मी आधी सांगून पाहिलं, पण ऐकतात कुठले. फोटोत बोटांत कापूस दिसतो, असं शपथेवर सांगितलं, तरी ढिम्म. मग म्हटलं, हाताच्या कांकणाला आरसा कशाला? तिथंच फतकल मारली, लुगडं वर घेतलं आणि सरसर वात वळून दाखवली. चौघांनीही तोंडं भिंतीकडे फिरवली. पंतांनी तर डोळ्यांवर उपरणंच ओढलं. दाराआडून त्यांच्या रुक्मिणीबाई म्हणाल्या की वातच ती, आम्ही रोज वळतो.

काय सांगू, जिंकले मी! पंतांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी आत चहा सांगितला. एवढंच म्हणाले की बाईंनी स्वतःच्या तोंडानं एकदा सांगावं, म्हणजे विषय मिटला.

वहिनी उठून उभी राहिली.

"वात नव्हती," ती म्हणाली.

मला वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

"गुरुसिद्धप्पा कॅमेरा लावत होते. थंडीचे दिवस, छपराच्या काचेतून ऊन आलं. पाय उघडा टाकून शेकत बसले. बरं वाटलं. म्हटलं, असाच घ्या फोटो. काचेत लावू का, असं त्यांनी विचारलं, त्यालाही मीच हो म्हटलं." मग ती म्हणाली, "वन्संच्या पायाकडे तुमच्यानं बघवलं नाही. माझा फोटो मात्र सगळ्यांनी नीट पाहिलाय."

दाराआड रुक्मिणीबाई फिस्सकन हसल्या. ओसरीवर कुणी हसलं नाही. नोकरी गेली, तिथल्या तिथं.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! रस्ताभर मी तिला बोल बोल बोलले. नुसतं हो म्हणाली असती तर काय जीभ झडली असती? आता खायचं काय, माझं कपाळ? ती भरभर चालत होती, गड्ड्याच्या जत्रेला निघाल्यासारखी. शेवटी नव्या पेठेत मी तिचा दंड धरला आणि तिला काचेसमोर उभी केली. म्हटलं, दाखवतेच तुला तुझ्या हातातला कापूस.

काचेला नाक लावून पाहिलं. हात रिकामा होता. वात मीच घातली होती तिथं. ऊन मात्र होतं, गुडघ्यापासून पावलापर्यंत लख्ख पडलेलं.

"कशी आलेय मी, वन्सं?" तिनं विचारलं.

तेव्हा कुठं मी फोटोतल्या तिच्या तोंडाकडे पाहिलं. माझा भाऊ गेल्यापासून तिला इतकी सुखात मी पाहिलीच नव्हती, आणि मी आपली वाती शोधत बसले होते.