गादी हलकी झाली

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. बाहेर गुडघाभर बर्फ साचले आहे. तुम्ही बास्केटबॉलच्या एका लहानशा हॉलमध्ये लाकडी पायऱ्यांवर बसला आहात. फळी थंडगार आणि टणक. समोर सामना रंगात आला आहे, पण तुमचे सगळे लक्ष खालच्या फळीकडे. किती वेळ चुळबुळ करणार? अशा वेळी कोणी हळूच तुमच्या खाली एक ऊबदार गादी सरकवली तर?

बसलात? आता डोळे उघडा. ती गादी म्हणजे मी.

मी एक जुनी गादी आहे. जेवणाच्या ताटाहून थोडी मोठी, एके काळी निळी आणि एका कोपऱ्यात उसवलेली. माझा जन्म डुलूथ शहरात, सरोवराकाठच्या एका स्वयंपाकघरात झाला. मला शिवले मार्लिस हेगस्टाड यांनी. त्यांचे पती ऑरविल हे आमच्या 'डुलूथ हेरिंग्ज' या बास्केटबॉल संघाचे पारखी. हेरिंग हा आमच्या सरोवरातला चंदेरी मासा. गावोगावच्या शाळा-कॉलेजांत जाऊन सामने पाहायचे आणि उद्याचा मोठा खेळाडू आज कोणात दडला आहे ते ओळखायचे, हे ऑरविल यांचे काम.

"आज किती फळ्या झिजवल्यास?" ते घरी आले की मार्लिस विचारीत.

"फळ्यांना काही होत नाही गं. झिजतो तो मी!"

एके दिवशी मार्लिस यांनी जहाजावरच्या जुन्या ताडपत्रीचा एक तुकडा घेतला, त्यात फाटक्या स्वेटरांची लोकर ठासून भरली, जाड दोऱ्याने शिवले आणि वर भरतकामाने चंदेरी हेरिंग काढला. तो माशापेक्षा चमच्यासारखा जास्त दिसतो, पण हे मार्लिस यांना कोणी सांगायचे नसते.

त्या दिवसापासून मी ऑरविल यांच्या काखेत बसून देशभर फिरले. किती हॉल पाहिले! कुठे मक्याच्या लाह्यांचा वास, कुठे ओल्या लोकरी मोज्यांचा. एकदा शेजारच्या बाईंचा कोकोचा अख्खा पेला माझ्यावर सांडला. तो डाग आणि तो वास माझ्या अंगात मुरला तो कायमचाच.

आणि मित्रांनो, मला एक गुपित कळले. माणसाचे मन चेहऱ्यावर दिसते म्हणतात. मला चेहरा कुठून दिसणार? मला कळते ते वजन. ऑरविल कितीही चांगला खेळ पाहोत, ते माझ्यावर दगडासारखे बसून असत. पण एखादा खराखुरा खेळाडू दिसला, की त्यांचे अंग नकळत वर उचलले जाई. चार बोटे, जास्त नाही. क्षणभरच. माझ्यातली दबलेली लोकर सुटकेचा श्वास घेई आणि मला कळे, सापडला! त्यांना स्वतःला मात्र हे ठाऊकच नव्हते.

ज्यांना पाहताना मी अशी हलकी झाले, त्या खेळाडूंनी हेरिंग्जना अजिंक्यपद मिळवून दिले. मग काय विचारता! वर्तमानपत्रात ऑरविल यांच्याबरोबर माझेही छायाचित्र आले. लोक मला हात लावून जात. बेकरीवाल्याने माझ्या आकाराचा केक केला होता, त्यावरचा मासाही चमच्यासारखाच होता.

पण दिवस सारखे राहत नाहीत. हॉलमध्ये मऊ खुर्च्या आल्या. सामने पडद्यावर दिसू लागले. ऑरविल आता आजोबा झाले होते आणि बहुतेक वेळ कार्यालयातच बसून खेळाडू पाहत. मी गाडीच्या डिकीत गेले, बर्फ काढायच्या फावड्याखाली. तिथे वरचेवर फावडे आपटून माझा कोपरा उसवला. कोणी पाहिलेही नाही.

इकडे हेरिंग्ज हरू लागले. एक वर्ष, दोन वर्षे, मग वर्षामागून वर्षे. आजोबांनी सुचवलेले दोन खेळाडू लागोपाठ फसले आणि त्यांचा स्वतःवरचा विश्वासच उडाला. पाहुण्या संघांचे प्रेक्षक नाक दाबून ओरडत, "अरे, मासा शिळा झाला रे!"

आमच्या खेळात एक रीत आहे, ती तुम्हाला सांगायला हवी. दरवर्षी नवे खेळाडू निवडण्याचा एक दिवस असतो, त्याला ड्राफ्ट म्हणतात. जे संघ सर्वांत जास्त हरतात, त्यांना आधी निवडायची संधी मिळते. दुबळ्याला बळ मिळावे हा हेतू. पण पहिला नंबर नक्की कोणाचा, हे चिठ्ठ्या टाकाव्या तसे, यंत्रात उडणारे लहान चेंडू ठरवतात. जास्त हरणाऱ्याच्या नावाचे चेंडू जास्त, एवढेच.

आता यातून काय होते पाहा. आजोबांची नात सिग्ने दहा वर्षांची होती. ती एकदा सामना पाहायला गेली आणि रागाने लाल होऊन परतली.

"आजोबा, आपल्या माणसाचा नेम चुकला आणि आपलेच लोक टाळ्या वाजवत होते!"

"हरलो तर पुढच्या वर्षी चांगला खेळाडू मिळेल ना, म्हणून."

"मग जिंकायला कधी लागायचं?"

 आजोबा म्हणाले, "हरायची सवय फार मऊ असते बघ, सिग्ने. एकदा तिच्यावर बसलं की उठवत नाही."

त्याच हिवाळ्यात हेरिंग्जच्या नव्या व्यवस्थापक रोझलिन पेकारेक यांनी आजोबांना बोलावले. "ऑरविल, पडद्यावर पुष्कळ पाहिलं. आता जाऊन पाहा. ब्रायसन स्टॅडलर नावाचा उंच मुलगा आहे, यंदाचा सगळ्यात मोठा खेळाडू. त्याचा सामना बघून या."

सिग्नेला सुट्टी होती. तीही निघाली. वाटेत गाडी बर्फात रुतली. फावडे काढताना सिग्नेला मी दिसले.

"ई! हे काय आहे?"

"अगं, हळू! तुझ्या आजीच्या हातची आहे ती."

तिने मला झटकले. इतकी धूळ उडाली की दोघेही शिंकू लागले. मित्रांनो, त्या शिंका मला टाळ्यांसारख्या वाटल्या!

बर्फामुळे उशीर झाला. सगळे पारखी मैदानाच्या मध्यरेषेसमोर, मऊ खुर्च्यांत बसतात, पण आजोबांची खुर्ची कोणीतरी पटकावली होती. उरली होती फक्त एक जागा: पाहुण्या संघाच्या बाकामागची, लाकडी फळीची. आजोबा कुरकुरत माझ्यावर बसले. सिग्ने शेजारी आपल्या कोटावर.

ब्रायसन छानच खेळत होता. उडी अशी की जणू छताला हात लावेल. मी वाट पाहिली. आजोबा दगडासारखे बसून होते.

समोरच्या बाकावर पाहुण्या संघाचा एक मुलगा बसला होता. एझ्रा मॅकक्लेन्डन त्याचे नाव. त्याचे चार फाउल झाले होते, पाचवा झाला की खेळ संपला, म्हणून प्रशिक्षकाने त्याला बसवून ठेवले होते. दुसरा कोणी खट्टू होऊन बसला असता. पण हा एझ्रा बसल्या जागेवरून सामना खेळत होता.

"डावीकडे बघ, डावीकडे! तो आता वळणार!" आणि खेळाडू खरोखरच वळे. "टोबी, घाबरू नकोस रे! चुकलं तर चुकलं, पुढचा तुझाच!" टोबी हा त्यांचा सर्वांत लहान चणीचा खेळाडू. पाणी प्यायला आला की एझ्रा त्याला आपला रुमाल देई.

शेवटची काही मिनिटे उरली तेव्हा एझ्रा मैदानात उतरला. त्याच्या हातात चेंडू आला. समोर ब्रायसन, हात पसरून. एझ्राने चेंडू भलत्याच कोपऱ्यात फेकला, जिथे कोणी नव्हतेच. लोक हसले. आणि हसू संपायच्या आत टोबी त्या कोपऱ्यात पोहोचला होता. चेंडू जाळीतून अलगद खाली आला.

मी हलकी झाले. किती वर्षांनी!

"आजोबा!" सिग्ने ओरडली. "तू उठलास!"

"छे गं. पाय आखडला होता."

"दोन्ही पाय?"

"तू लाह्या खा बघू."

त्या वर्षी हेरिंग्ज सर्वांत खाली राहिले. चेंडूंच्या सोडतीचा निकाल लागतो तेव्हा प्रत्येक संघाचा एकजण व्यासपीठावर बसतो, आणि नशिबासाठी काहीतरी वस्तू जवळ ठेवतो. रोझलिनबाईंनी सिग्नेला पाठवले आणि सिग्नेने मला नेले. शेजारी कोणाच्या हातात सोन्याचे नाणे, कोणाच्या हातात घोड्याची नाल, आणि आमच्या सिग्नेच्या मांडीवर उसवलेली मी.

प्रत्येक नंबराच्या पाकिटात एकेका संघाचे चित्र असते आणि पाकिटे शेवटच्या नंबरापासून उघडत जातात. म्हणजे आपले चित्र जितके उशिरा दिसेल तितके बरे. सिग्नेने मला घट्ट आवळले. पाचव्या नंबरावर दुसराच संघ निघाला. चौथे पाकीट उघडले.

चंदेरी मासा.

पहिला नंबर गेला, ब्रायसन गेला. सभागृहात "अरेरे" झाले. कॅमेरा सिग्नेच्या तोंडासमोर आला. रडू लपवायला तिने माझ्यात तोंड खुपसले आणि तिथेच तो कोकोचा जुना वास तिच्या नाकात शिरला. ती खुदकन हसली. मग हसू आवरेचना. घराघरांतून पाहणारे डुलूथकरही हसू लागले. मासा शिळा झाला म्हणे! माशाला तर कोकोचा वास येत होता!

ड्राफ्टच्या दिवशी हेरिंग्जच्या कार्यालयात सगळे जमले. आजोबांनी आधीच सांगून टाकले होते, ही माझी शेवटची निवड. ब्रायसन पहिलाच गेला. आणखी दोघे गेले. आमची पाळी आली. निवडायला पाच मिनिटे मिळतात. दोन नावे उरली होती: एझ्रा आणि भरपूर गुण करणारा एक धिप्पाड मुलगा.

"दोन्ही चांगले आहेत," रोझलिनबाई म्हणाल्या. "आमच्यात निम्मे इकडे, निम्मे तिकडे. ऑरविल, तुम्ही सांगा."

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला कळत नाही हो आता. मागे दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा चुकलो तर या गावानं काय करायचं?"

घड्याळ चालले होते. सिग्ने उठली. तिने मला आजोबांच्या खुर्चीवर ठेवले.

"बस."

"सिग्ने, ही वेळ आहे का..."

"बस रे आजोबा! आणि डोळे मिट. आता तो धिप्पाड मुलगा आठव. त्याचा सगळ्यात चांगला सामना."

आजोबांनी आठवला. मी दबलेलीच राहिले.

"आता तो बर्फाचा दिवस. एझ्राच्या हातात चेंडू आहे. समोर ब्रायसन. कोपऱ्यात कोणीच नाही. आणि एझ्रानं चेंडू..."

आजोबा वर उचलले गेले. चार बोटे कसली, चांगले वीतभर! डोळे मिटलेले आणि तोंडावर लहान मुलासारखे हसू. सगळी खोली हसू लागली, तेव्हा त्यांनी डोळे उघडले. आपल्याखाली हात घालून पाहिले. मध्ये हवा होती.

"हे मी नेहमी करतो?" त्यांनी विचारले.

"नेहमी!" सिग्ने म्हणाली.

"पाय आखडला असेल हं," सिग्नेकडून तो किस्सा ऐकलेल्या रोझलिनबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन उचलला. "एझ्रा मॅकक्लेन्डन!"

मित्रांनो, एका खेळाडूने संघ एका दिवसात बदलत नाही. पहिल्या वर्षी हेरिंग्ज पुष्कळ हरले. पण एझ्रा बाकावर असला तरी बाक जागा असे. जो नेम चुकवी त्याच्या पाठीवर त्याचा हात पडे. हळूहळू आपल्याच माणसाच्या चुकीला टाळ्या वाजवणे लोकांनी सोडून दिले. पुढच्या ड्राफ्टमध्ये रोझलिनबाईंनी आणखी दोघे तसेच निवडले. आणि तिसऱ्या वर्षी, कितीतरी काळाने, अजिंक्यपदाच्या फेऱ्या डुलूथमध्ये आल्या.

आजोबा आता निवृत्त होते. मार्लिस आजी आणि ते शेजारी शेजारी बसले होते. माझ्यावर होती सिग्ने. शेवटच्या क्षणी एझ्राने रिकाम्या कोपऱ्यात चेंडू फेकला, आपला माणूस तिथे पोहोचला, चेंडू जाळीत पडला आणि सगळे सभागृह एकदम उभे राहिले. सिग्ने उभी, आजोबा उभे, आजीही काठी टाकून उभ्या. बंदरातली जहाजे भोंगे वाजवू लागली. त्या साऱ्या गोंगाटात मी एकटी जागेवर पडून होते, आणि मला इतका आनंद झाला होता! आपल्यावर कोणी बसलेले नसावे, याहून मोठे सुख गादीला नाही.

म्हणून बाळांनो, एक विनंती. तुमच्या घरातही कोणाच्या तरी हातची, कोपऱ्यात उसवलेली एखादी वस्तू फावड्याखाली पडली असेल. तिला टाकून देऊ नका. झटका, शिंका, एक टाका घाला. आणि जो मुलगा किंवा जी मुलगी आज बाकावर बसली आहे, तिच्याकडेही एकदा पाहा. कदाचित तीच आपल्याला उठवणार असेल.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मार्लिस आजींनी सुईत दोरा ओवला, तेवढ्यात सिग्नेने ती सुई त्यांच्या हातातून घेतली. "आजी, तू फक्त बघ."

तिने माझा कोपरा शिवला. टाके वेडेवाकडे पडले. आजींनी माशाकडे पाहिले, टाक्यांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "शोभतेस खरी माझी नात!"

मग सिग्नेने मला काखेत मारले आणि ती शाळेच्या हॉलकडे धावली. तिथे लहान मुलींचा सामना सुरू होत होता. मधल्या चांगल्या जागा पुष्कळ रिकाम्या होत्या. ती तिकडे वळलीच नाही. ती सरळ गेली आणि पाहुण्या संघाच्या बाकामागे, थंडगार फळीवर मला ठेवून बसली.