प्रोफेसर सेवेरिनची शेगडी

मित्रांनो, मी पोलंडमधल्या क्राकूफ शहरातली एक जुनी शेगडी आहे. तुमच्या स्वयंपाकघरात असते तशी नव्हे, खोली उबदार ठेवणारी. मी बैठकीच्या कोपऱ्यात जमिनीपासून जवळजवळ छतापर्यंत उभी आहे. माझ्या अंगावर हिरव्या चिनीमातीच्या फरशा आहेत आणि पोटाशी लोखंडाचं छोटं दार आहे.

मला बांधणारा कारागीर म्हातारा होता. काम संपल्यावर त्याने दाराशी कान लावला, धुराड्यातला वारा ऐकला आणि म्हणाला, "ओढ जबरदस्त आहे हिची. हिच्यात गेलेलं परत मिळायचं नाही." घरमालक हसला. म्हातारा हसला नाही.

पुढे या घरात सेवेरिन ग्रोत्कोव्स्की राहायला आला. तो विद्यापीठात साहित्य शिकवायचा आणि एका साप्ताहिकात नव्या पुस्तकांवर लिहायचा. त्याची बायको अपोलोनिया. तिला सगळे पोला म्हणायचे. माझ्याच उबेला बसून तो लिहायचा, म्हणून त्याने त्या सदराला नाव दिलं 'शेगडी'. वाईट पुस्तक त्यात गेलं की जळालंच म्हणून समजा. शहरातले लोक एकमेकांना विचारायचे, "या आठवड्यात शेगडीत कोण?"

एकदा तो म्हणाला, "पोला, हा त्सेझारी व्रोन्काचा संग्रह बघ. एकूणएक कवितेत पाऊस."

"मग शेगडीत नको घालूस. नुसता धूर होईल."

ते वाक्य त्याने जसंच्या तसं छापलं. शहर खूप हसलं. व्रोन्का कॉफीच्या दुकानात शिरला की लोक ओरडायचे, "काय व्रोन्का, वाळलास की नाही अजून?" त्याने कविता लिहिणं सोडलं. मित्रांनो, त्या दिवसांत घरी येणारे पाहुणे मला हात लावून बघायचे. मला अभिमान वाटायचा.

सेवेरिनचं खरं काम मात्र वेगळं होतं. तो आपल्या लोकांच्या साहित्याचा इतिहास लिहीत होता. लिहिलेलं प्रत्येक पान तो पोलाला वाचून दाखवायचा. ती माझ्या फरशांना पाठ टेकून विणत बसायची. "इथे तू स्वतःलाच शहाणा म्हणतोयस, काढ ते," असं ती म्हणायची. तो चिडायचा, आणि काढायचा. अशी बरीच वर्षं गेली.

मग जर्मन आले. विद्यापीठ बंद झालं. सेवेरिनच्या कितीतरी सहकाऱ्यांना एका दिवसात पकडून नेलं. तो वाचला आणि घरीच पडदे ओढून चार-पाच मुलांना शिकवू लागला. हे कळलं असतं तर सगळ्यांनाच नेलं असतं. कोळसा मिळत नव्हता. मी थंड उभी होते. म्हणून सेवेरिनने पुस्तकाचं एकुलतं एक हस्तलिखित आणि मुलांनी लिहिलेले निबंध माझ्या पोटात ठेवले.

"थंड शेगडीत कोण बघणार?" तो म्हणाला.

निम्म्या शहराने असाच विचार केला होता. झडती घेणाऱ्यांना तो केव्हाच कळला होता.

नाताळची आदली संध्याकाळ आली. पहिली चांदणी दिसल्यावर दोघं जेवायला बसली. टेबलाच्या कापडाखाली सणाचं म्हणून वाळलं गवत, वर बिटाचं सार, थोडा खारवलेला मासा, आणि न बोलावता येणाऱ्या पाहुण्यासाठी एक जास्तीचं ताट. त्या संध्याकाळी दारात आलेल्याला परत पाठवत नाहीत.

दार वाजलं. बाहेर व्रोन्का उभा होता. आता तो जर्मन पोलिसांकडे दुभाष्या होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हातात एक पिशवी होती.

"ताट रिकामं आहे ना, प्रोफेसरसाहेब? की मी अजून ओलाच आहे?"

"या," पोला म्हणाली. "आज दार कुणालाच बंद नसतं."

रीतीप्रमाणे तिघांनी एकाच पातळ पापडीचा तुकडा एकमेकांना दिला आणि एकमेकांचं बरं चिंतलं. सेवेरिनच्या बोटांतून तुकडा खाली पडला. व्रोन्काने तो उचलून परत दिला.

तो सावकाश जेवला. मग त्याने पिशवी माझ्यासमोर ठेवली. आत कोळसा होता.

"हिच्याबद्दल फार ऐकलंय. एकदा पेटलेली बघू द्या."

"धुराडं तुंबलंय," सेवेरिन म्हणाला.

"मग उघडून बघतो की."

व्रोन्का उठेपर्यंत पोला माझ्यापुढे येऊन उभी राहिली होती. सेवेरिनही काडेपेटी घेऊन आला. तिने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"तू बस. हे तुझ्या हातून नको."

घागरा पसरून तिने दार झाकलं, आतल्या कागदांवर कोळसा टाकला आणि काडी ओढली.

मित्रांनो, मला जे दिलं ते मी जाळलं. दुसरं मला येत नाही. म्हाताऱ्याचं म्हणणं खरं होतं. व्रोन्का दोन्ही तळवे माझ्या फरशांवर ठेवून उभा राहिला, नंतर खुर्ची ओढून बसला. सेवेरिन ताटात बघत होता. आतला आवाज थांबला. मग व्रोन्काने टोपी घातली.

"राख आजच काढा, बाईसाहेब. सकाळी वेळ मिळायचा नाही."

सकाळी शिपाई आले. आधी त्यांनी माझंच दार उघडलं, खांद्यापर्यंत हात घातला. आत काही नव्हतं. गाद्या फाडून ते निघून गेले.

"त्याने आपल्याला वाचवलं," पोला म्हणाली. "त्या पोरांनाही."

"दारातूनही सांगता आलं असतं त्याला. तो बसून राहिला, पोला. सगळं जळेपर्यंत."

"दोन्ही खरं असेल, सेवेरिन."

तो हिवाळा संपायच्या आत छातीच्या दुखण्याने पोला गेली.

युद्धानंतर सेवेरिनने पुस्तक आठवून पुन्हा लिहिलं. त्याला मान मिळाला, हार मिळाले. पण लिहिताना तो मधेच थांबायचा आणि माझ्याकडे, तिच्या बसायच्या जागेकडे बघायचा. काढ ते, असं म्हणणारं कुणी नव्हतं. 'शेगडी' हे सदर त्याने परत कधी लिहिलं नाही. संपादक घरी येऊन म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, पेटवा की परत!"

"पेटवायचं काम पोलाचं होतं," तो म्हणाला.

मला, खऱ्याखुऱ्या शेगडीलाही, त्याने परत पेटवलं नाही. बादलीत कोळसा असायचा. तो ओव्हरकोट घालून माझ्या गार फरशांना पाठ टेकून बसायचा, तिच्याच जागी. असे कितीतरी हिवाळे गेले. एका हिवाळ्यात तो उठला नाही.

आता घर उबदार ठेवायला भिंतींलगत गरम पाण्याचे नळ आहेत. नव्या माणसांनी माझ्यापुढे कुंड्या ठेवल्या आहेत. कधी मला फोडायचं म्हणतात, कधी पेटवून बघू म्हणतात. मित्रांनो, फोडलंत तर माझी तक्रार नाही. पण पेटवणार असाल, तर आधी दार उघडून आत नीट हात फिरवा. कुणाचं काही राहिलं असेल. आणि हसता हसता कुणाला आगीत टाकायचा मोह झाला, तर माझ्यापासून लांब उभे राहा.

माझी ओढ अजून तशीच आहे.