नवसाबाईचं काम

शिरगणतीचे धोंडीराम गुरुजी मार्चच्या दोन तारखेला पुन्हा दारात आले, तेव्हा मैना विड्या वळायला बसलेली नव्हती. आई जाऊन चार दिवस झाले होते.

"एक तारखेच्या सूर्योदयाआधी घरात कोणी जन्मलं, कोणी गेलं?" गुरुजींनी उभ्यानेच विचारलं.

"आई गेली. सव्वीसला."

पिशवीतून कागद काढून त्यांनी पेनाचं टोपण उघडलं.

त्या कागदावर काय लिहिलंय ते मैनाला ठाऊक होतं. तिनेच सांगितलं होतं. फेब्रुवारीत गुरुजींनी विचारलं होतं, "आजींनी गेल्या वर्षभरात कधी काही काम केलं?" काम दोघींचं, पण विडी कारखान्याचं कार्ड एकट्या मैनाच्या नावावर. उगाच भानगड नको म्हणून ती बोलून गेली, "ती काय करणार? म्हातारी आहे, घरीच असते."

शेजारी बसलेल्या आईच्या, नवसाबाईच्या हातातली कात्री थांबली. "मग ही पानं काय उंदरांनी कातरली गं?"

गुरुजी हसले आणि 'अवलंबित' लिहून मोकळे झाले. "आजी, देशात म्हातारी माणसं वाढत चाललीत. किती जणांना पोसायचंय, ते सरकारला कळायला नको?"

"मला कोण पोसतंय? आणा त्याला माझ्यासमोर!"

त्यानंतर आई मैनाशी सगळं बोलली. त्या गोष्टीवर मात्र एक शब्द नाही.

"थांबा, गुरुजी," मैना म्हणाली. "आधी ते अवलंबित खोडा."

"ताई, एक तारखेआधी गेल्या, म्हणजे अख्खं नावच खोडायचंय. आत काही का असेना."

"खोडायचीच तर खरी बाई खोडा. ही तुमची जी कोण अवलंबित, ती आमच्या घरात कधी नव्हतीच."

"सांगितलं तुम्हीच ना?"

"हो. खोटं सांगितलं. आता खरं लिहा."

"नियमात बसत नाही हो."

मैना आत गेली आणि फडक्यातलं गाठोडं आणून तिने त्यांच्यापुढे सोडलं. आईने शेवटच्या दिवशी कातरलेली तेंदूची पानं. सुकून कडक झालेली, पण एक दुसऱ्याहून तसूभर कमीजास्त नाही.

"त्र्याहत्तर वर्षांच्या हातांची आहेत. ही कातरून मिळायची म्हणून माझ्या विड्या पुऱ्या व्हायच्या. पोसत ती होती, गुरुजी. मला."

शेजारची भिमाबाई केव्हाची दारात उभी होती. "लिहा मुकाट्याने. मग आमच्याकडे या. माझी सासू गल्लीतली सहा पोरं सांभाळते, तिलाही बसून खाणारी केलीय तुम्ही."

"अहो, असं घरोघर करत बसलो तर..."

"बसा की!" भिमाबाई म्हणाली. "म्हातारी माणसं वाढलीत, तुम्हीच म्हणता ना?"

गुरुजी खाली बसले. कागद मांडीवर घेऊन त्यांनी पहिल्यासारखाच प्रश्न वाचला, "नवसाबाई. गेल्या वर्षभरात कधीही काम केलं?"

"रोज."

त्यांनी लिहिलं. मैनाने वाकून एकेक अक्षर वाचलं. मग ती सरळ उभी राहिली.

"आता खोडा," ती म्हणाली, आणि रेघ पुरी होईपर्यंत तिने नजर हलवली नाही.