कमलमार्फत ये

सार्जंट झाल्यावरचा पहिला आठवडा मी नुसती हवेत होते. आमच्या अंधेरीच्या शाळेत एनसीसीच्या तेहतीस मुली, आणि दंडावर तीन फिती फक्त माझ्या! आठवीपर्यंत वर्गात हात वर करायला घाबरणारी मी, आता "सावधान!" ओरडले की कुंपणावरची कबुतरं उडायची. झकास वाटायचं, खोटं कशाला बोलू?

त्यातच दशरथ सरांनी लष्कराची रचना शिकवली. सर म्हणजे आम्हाला शिकवायला बटालियनकडून येणारे हवालदार, साताऱ्याचे. त्यांनी फळ्यावर शिडी काढली. दहा जवानांचा सेक्शन, तीन सेक्शनचा प्लॅटून, मग कंपनी, बटालियन, ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड आणि सगळ्यात वर दिल्लीचं मुख्यालय.

"विमान वरून निघून जातं," सर म्हणाले, "पण जमीन राखायला तिच्यावर माणूस उभा लागतो. ते काम भूदलाचं. एवढी लाखो माणसं हलवायची, तर हुकूम एकेक पायरीने खाली येतो आणि खालची खबर एकेक पायरीने वर जाते."

मला ती शिडी इतकी आवडली की दुसऱ्याच दिवशी मी फर्मान काढलं. कोणीही थेट रुचिरा मॅडमकडे जायचं नाही. आधी आपली सेक्शन कमांडर, मग मी, मग मॅडम. शाळेतली एनसीसी मॅडमच बघतात. त्यांना बरंच झालं, दिवसभराची कटकट गेली.

नेत्रा पाचवीपासून माझ्या बाकावर बसते. वेसाव्याची कोळ्यांची पोर, आणि आमच्यात खरोखर सैन्यात जायचं वेड तिलाच. एनसीसीच्या परीक्षेला बसायचं तर एक कॅम्प करावाच लागतो, आणि नववी म्हणजे आमचं शेवटचं वर्ष. बुधवारी मधल्या सुट्टीत ती धावत आली.

"गंधाली, ऐक ना. कॅम्पच्या फॉर्मवर वडिलांची सही लिहिलंय आणि बाबा बोटीवर गेलेत. शनिवारशिवाय येत नाहीत. फॉर्म तर शुक्रवारी द्यायचाय. आईची सही चालेल का, मॅडमना विचार ना."

"कोण गंधाली? सार्जंट म्हण. आणि कमलमार्फत ये."

कमल तिची सेक्शन कमांडर.

"कमल डेंग्यूने अ‍ॅडमिट आहे यार!"

"मग ती बरी झाली की ये. शिस्त म्हणजे शिस्त."

बाजूच्या मुली फिसकन हसल्या. त्या हसल्या म्हणून मी आणखीच ताठ झाले. नेत्रानेही हसत सॅल्यूट ठोकला, "येस सार्जंट!" म्हणाली आणि गेली. मला वाटलं, आता जाईल ही सरळ मॅडमकडे. पण ती गेली नाही. माझा नियम सगळ्यांत जास्त तिनेच पाळला. आणि मी? मी विसरूनसुद्धा गेले.

सोमवारी दशरथ सरांनी कॅम्पची यादी वाचली. नेत्रा त्यात नव्हती. ती शाळेतही आली नव्हती. सरांनी कारण विचारलं तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "सर, कमल आजारी होती, त्यामुळे नेत्राचे बाबा सहीला नाहीत ही खबर वर आली नाही."

सर ओरडले नाहीत.

"कमल आजारी पडली, तेव्हा तिच्या सेक्शनवर दुसरी कोण नेमलीस?"

"कोणीच नाही, सर."

"लढाईत सेक्शन कमांडर पडला तर त्याच मिनिटाला दुसरा पुढे होतो. तुटलेली पायरी वरच्याने जोडायची असते. वर कोण होतं?"

रुचिरा मॅडम म्हणाल्या, "अगं, आईची सही चालली असती की! चौघींच्या फॉर्मवर आईचीच आहे." त्यांनी बटालियनला दोनदा फोन केला. जागा भरल्या होत्या.

संध्याकाळी मी वेसाव्याला गेले. नेत्रा आणि तिची आई, सरूबाई, वाळलेले बोंबील उतरवत होत्या. लहूकाका, म्हणजे नेत्राचे बाबा, पलीकडे पाठमोरे बसून जाळं शिवत होते.

"ये गो पोरी," सरूबाई म्हणाल्या. "जरा समजाव हिला. बाप आलाय तवापासून त्याच्याशी एक शब्द नाय बोलली."

"काय बोलू?" नेत्रा उसळली. "माहीत होतं ना त्यांना फॉर्म द्यायचाय ते? तरी गेले. सांगितलं मी तोंडावर, तुमच्यामुळे वाट लागली माझी."

"चुकलो म्हटलं ना बाय," लहूकाका मान वर न करता म्हणाले.

हे मला ऐकवेना. मी गप्प बसले असते तर इथे कोणाला कळलंही नसतं.

"काका, तुमची चूक नाही," मी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं.

नेत्रा हातातले बोंबील तसेच धरून उभी राहिली. "म्हणजे आईची सही चालत होती?"

"हो."

"आणि तू विचारलंसच नाहीस."

"नाही. सॉरी गं..."

तिने बोंबील टोपलीत टाकले आणि बाबांशेजारी जाऊन बसली. बराच वेळ ती त्यांच्याशी काहीतरी हळू बोलत होती. काका नुसते मान हलवत होते. मग ती उठून माझ्याकडे आली. डोळे लाल.

"तू जाणार ना कॅम्पला?"

"हो."

"जा. आणि आता परेडला बोल माझ्याशी. मधल्या सुट्टीत नको."

परेड आठवड्यातून दोनदाच असते.