पंचवीस ग्रॅम

भाचीने केलेला सुक्या मेव्याचा केक दुसऱ्यांदा मध्ये बसला, तेव्हा बेकरीवाल्याने त्यात एक बोट खुपसलं, चाटलं आणि म्हणाला, "आमच्यासारखा जमला तर सोमवारपासून कामावर ये. उद्या शेवटचा बघू."

आठ महिने ती काम शोधत होती. घरी आली आणि स्वयंपाकघरात फतकल मारून बसली. "आत्या, कृती त्याचीच, मेवा त्याचाच, ग्रॅमला ग्रॅम. मग माझाच का बसतो?"

मी आयुष्यभर मुलांना गणित शिकवलं. उत्तर सांगून मोकळं व्हायची मला सवय नाही. मी तिच्यापुढे वाटी सरकवली. "बेदाणे काठोकाठ भर. दाबू नकोस हं. आता आपल्या काट्यावर वजन कर."

भरले एकशे पंचेचाळीस. मग अंजिराचे तुकडे. अख्खे जर्दाळू घातले तर वाटीत निम्मी पोकळीच. चिरल्यावर नीट बसले. तिने तिन्ही वजनं वहीत मांडली.

"आता हीच वाटी आणि हाच मेवा घेऊन बेकरीत जाऊ," मी म्हटलं.

आत पाऊल टाकताच चप्पल फरशीला चिकटली. बेकरीवाला बेदाण्यांच्या डब्यावर फुंकर मारून मुंग्या उडवत होता. मी बघतेय म्हटल्यावर हसला. "मुंग्या खोटं बोलत नाहीत, बाई. माल गोड आहे."



काटा जुना, स्प्रिंगचा. काचेवर इतकं तपकिरी किटण की शून्य कुठे आहे तेच दिसेना. भाचीने वाटीभर बेदाणे काट्याच्या ताटलीत ओतले. एकशे सत्तर. अंजीर, पंचवीसने जास्त. जर्दाळू, पुन्हा पंचवीसने जास्त.

"काय कळलं?" मी विचारलं.

ती वहीकडे बघत राहिली. "फळ बदललं तरी फरक तोच. म्हणजे खोट फळात नाही, काट्यात आहे. मैदा-साखर तो वाटीने घेतो, पण मेवा याच काट्यावर; तो खरा पंचवीसने कमीच पडतो."

मी ताटली उचलून उलटी केली. खाली बोटभर जाड काळा चिकटा. त्यात मुंग्यांचे पाय, केस, नखाचा एक तुकडा. आंबट, कुबट वास नाकात गेला तो गेलाच.

"ही कधी धुतली होती?"

"खालून कशाला धुवायची? मेवा वर असतो," बेकरीवाला म्हणाला.

भाचीने घरी येऊन तिन्ही फळांतून पंचवीस-पंचवीस ग्रॅम कमी केले. दुसऱ्या दिवशीचा केक कुठेही बसला नाही. बेकरीवाल्याने मोठा तुकडा मोडून तोंडात कोंबला. "हां, आता आमचा झाला." त्याने खुंटीवरचा मळका ॲप्रन तिच्यापुढे धरला.

"येते मी," ती म्हणाली. "पण आधी काटा धुऊ."

"धुतलास तर माप बिघडेल."

"नवं माप मी लिहून देते."

"पोरी, इतकी वर्षं लोक बोटं चाटून खातात. काट्याला हात लावायचा नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. हे गणित तिचं तिने सोडवायचं होतं. ॲप्रनच्या रूपाने नोकरी समोर लटकत होती, डागांसकट.

"नको," ती म्हणाली. "मला उद्या हे कुणाला खायला देता येणार नाही."

बाहेर आल्यावर ती हात धुवायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नळ शोधत भराभर चालत राहिली.