काजळाची रेघ

आतल्या खोलीची कडी लावून कविताने उजव्या हातात पातळ हातमोजा चढवला आणि बाटली उजेडाला धरली. ड्रॉपर नेमक्या खुणेपर्यंत भरला. दहा महिन्यांच्या निलमने तोंड वाकडं केलं, पण गिळलं. बाटलीच्या कागदी पट्टीवर, औषध जिथवर उतरलं होतं तिथे, कविताने पेनाने बारीक रेघ मारली. मग बाटली पुन्हा उंच फळीवर, कॉलेजच्या जुन्या पिशवीत, मोज्यांच्या डब्याशेजारी गेली. गेला महिनाभर रोज दुपारी चारला हेच.

ओट्यावर तिची सासू हिरी वाल सोलत होती. तिला सांगितलं होतं, दातांचं टॉनिक आहे.

निलम तीन दिवसांची असताना दवाखान्यातल्या संगिता सिस्टरने तिच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब कागदावर टिपला होता. तो वाळला, कुठेतरी लांब गेला, आणि पोरीला पहिली कळ येण्याआधीच तिचा आजार सांगून मोकळा झाला. सिकलसेल. अर्धा आईकडून, अर्धा बापाकडून. कविता बी.ए. झालेली, तरी त्या वाळक्या थेंबाचं नवल अजून ओसरलं नव्हतं. सिस्टरने सगळ्यांना बाहेर काढून, दार लावून निकाल सांगितला. कार्डावर नाव नव्हतं, नुसता नंबर. घरात कुणाला सांगायचं ते तू ठरव, म्हणाली. पुढे औषध सुरू झालं तेव्हा बजावलं, उघड्या हाताने शिवू नकोस, एकही दिवस चुकवू नकोस, रोज बोटं दाबून बघ, सुजली तर लगेच आण. पूर्वी अशी कितीतरी मुलं पाच वर्षांचीही होत नसत. आता शाळेत जातात.

कविताने फक्त नवऱ्याला, मनिषला सांगितलं. पाड्यात बोभाटा झाला की पोरगी जन्मभर ‘ती आजारी’ होऊन बसते. आणि शेजारच्या मैनाला कळणं म्हणजे अख्ख्या रानशेत गावात दवंडी.

गुरुवारी ती नवी बाटली आणायला डहाणूला गेली. ऊन फार, म्हणून निलमला सासूकडे ठेवलं. परतीची एसटी वाटेत बंद पडली. चार वाजले तेव्हा कविता रस्त्याच्या कडेला उभी होती. मनिष कंपनीत, आत फोन नेऊ देत नाहीत. सासूकडे फोन नव्हता. मैनाकडे होता. मैनाचा नंबर काढून ती बराच वेळ बघत राहिली. मग फोन पिशवीत टाकला.

दिवेलागणीला घरी पोचली. निलम आजीच्या मांडीवर, बाजूला मैना. कविता सरळ आत गेली आणि फळीवरची बाटली काढून दिव्यापाशी धरली.

औषध कालच्या रेघेखाली उतरलं होतं. बरोबर एका दिवसाइतकं, थेंबभर इकडे तिकडे नाही. आणि तिथे एक नवी रेघ होती. जाड, काजळाची.

“हिरीबाय, या वयात डॉक्टरीण झालीस काय?” बाहेरून मैनाचा आवाज आला. “हा मोजा कोणाचा?”

कविता दारात आली. वळणीवर, लुगड्याशेजारी, धुतलेला हातमोजा वाळत होता.

“मिरच्या वाटल्या,” हिरी म्हणाली. “त्याच हाताने पोरीला घेऊ? डोळे जाळू तिचे?”

शिकलेल्या सुनेचं वारं लागलं तुला, असं म्हणून हसत मैना घरी गेली.

हिरी निलमची बोटं एकेक करून हलकेच दाबत होती. महिनाभर ती हे करत होती. कविताला तो खेळ वाटला होता.

“आई, तुम्हाला कधी कळलं?”

“दाराला फट हाय.” हिरीने वर पाहिलं नाही. “माझी पोरगी, तुळशी. मनिषच्या आधीची. तिची बोटं वांग्यासारखी सुजायची. भगताकडे नेली, दवाखान्यात नेली. दोन वर्षांची होऊन गेली. त्या आजाराचं नाव कोणी नाय सांगितलं.”

कविता खाली बसली. तिने निलमचा दुसरा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी चारला तिने नवा मोजा चढवला. कडीकडे गेलेला हात तसाच मागे आला. लोटलेल्या दाराच्या फटीतून आज उजेड येत नव्हता. पलीकडे हिरी सुपात वाल घेऊन बसली होती, दाराला पाठ लावून.