मावशीची चित्रातली पाठ

या, असे जवळ या. दाराशी टेकलेल्यांनी पुढे सरकावं, जागा भरपूर आहे. आज एका पाठीची गोष्ट सांगतो. राजाच्या नाही आणि साधूच्याही नाही; फरशी पुसणाऱ्या एका मावशीच्या पाठीची.

वजनमापं तपासायचं एक कार्यालय होतं. दुकानदारांनी तराजू घेऊन यायचं, आतल्या माणसांनी ते पारखायचे, वजनांवर शिक्का ठोकायचा, असं काम. मावशी तिथे एकतीस वर्षं फरशी पुसत होती. ओणवं राहून, डावा हात कमरेवर, उजव्या हातात फडकं. देवाने तिला सरळ पाठ दिली होती; कार्यालयाने ती हळूहळू काढून घेतली.

कार्यालयाला पन्नास वर्षं झाली म्हणून साहेबांनी भिंतीवर लावायला एक चित्र काढून घ्यायचं ठरवलं. चित्रकार भेटला तो असा, की डोळ्यांना दिसेल त्यापलीकडे एक रेघ ओढणार नाही. साहेब म्हणाले, थोडी फुलं काढा. तो म्हणाला, इथे फुलं कुठे आहेत? तीन आठवडे तो कोपऱ्यात बसून होता. आणि चित्र काय उतरलं म्हणता! हेडक्लार्कच्या अर्ध्या उघड्या खणात शेंगदाणे. टायपिस्टबाईंची डावी चप्पल पायातून सुटलेली. शिक्केवाला हातोडी उचलून जांभई देतोय. आतल्या दारात साहेब टाचा उंचावून, कोण काय करतंय ते बघतायत. रांगेतला टोपीवाला दुकानदार कान खाजवतोय. घड्याळात अकरा वीस. आणि सगळ्यांच्या पुढे, मधोमध, ओणवी मावशी. नुसतं बघितलं तरी कळायचं, कोण कोणावर रुसलंय आणि कोणाचे गुडघे दुखतायत.

मावशीने चित्र पाहिलं. स्वतःची पाठ तिने जन्मात पाहिली नव्हती. कोणीतरी बघितलं म्हणायचं आपल्याला, एवढंच ती पुटपुटली.

चित्राच्या अनावरणाला मुख्य कचेरीतले मोठे साहेब आले. "वा, कार्यालय असंच दिसलं पाहिजे," म्हणाले आणि चहाला गेले. झालं. घाबरट माणसाला स्तुतीसुद्धा हुकूमच वाटते. दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं: कार्यालय असंच दिसलं पाहिजे. तपासणी दर महिन्याला, अकरा वीस वाजता.

सराव मात्र रोजचा. सव्वाअकराला शिपाई "जागेवर" म्हणून पुकारायचा, की टायपिस्टबाई चप्पल सोडायच्या. शिक्केवाल्याला जांभई आली नाही, तर शेजारचा त्याच्यासमोर दोन-चार जांभया देऊन दाखवायचा. टोपीवाल्याचा तराजू केव्हाच पास झाला होता, तरी बिचारा येऊन कान खाजवून जायचा. घरी बायको म्हणायची, सरकारी काम आहे, चुकवू नका. महिन्याला मुख्य कचेरीतून येणारे तपासणीसाहेब भिंग लावून आधी चित्रातले शेंगदाणे मोजत, मग खणातले.

अशात मावशीला साठ पूर्ण झाली. लेकीचं दुसरं बाळंतपण तोंडावर आलं होतं, आणि लेक निरोपावर निरोप धाडत होती, की आई, आता तरी ये. मावशी अर्ज घेऊन साहेबांपुढे उभी राहिली. साहेब माणूस वाईट नव्हते, पण काळीज सशाचं.

"तुम्ही निवृत्त झालात हे मला मान्य आहे, मावशी," ते म्हणाले. "पण चित्रात तुम्ही आहात. तुम्हाला सोडू कसं?"

बदली माणूस देऊन पाहिला. शिपायाने मावशीची साडी नेसून, ओणवं राहून पाहिलं. तपासणीसाहेबांनी भिंगातून एकदा चित्र बघितलं, एकदा शिपाई, आणि शेरा मारला: पाठ जुळत नाही. जुळणार कशी? तसली पाठ काय एका सकाळीत होते?

मग मावशीने चित्रकाराचं घर गाठलं. तो खिडकीतल्या एका कांद्याचं चित्र काढत होता. दादा, मला चित्रातून तेवढी पुसून टाक, तिने विनवलं. तो हळहळला, पण मान काही हलेना.

"मी समोर दिसतं तेच काढतो, मावशी. तिथे तुम्ही दिसता."

"मी गेल्यावर नाही दिसणार."

"मग जा. गेलात की पुसतो."

"तू पुसल्याशिवाय सोडत नाहीत ना रे मला."

दोघंही कांद्याकडे बघत बसले. शेवटी मावशीच म्हणाली, तपासणीच्या दिवशी रंग घेऊन ये.

तो दिवस आला. चित्रकार शिडीवर चढून चित्राशी बसला. सगळे जागेवर. अकरा वीसला मावशीने अर्धी फरशी पुसली, फडकं बादलीत सोडलं, गुडघ्यांवर हात टेकून देवाचं नाव घेतलं आणि सरळ उभी राहिली. अगदी सरळ नाही; जमेल तितकी. ओल्या फरशीवरून अनवाणी चालत ती बाहेरच्या दाराकडे निघाली. साहेब पांढरेफटक पडले. पण जागचं हलायची कोणालाच मुभा नव्हती, त्यांनाही नव्हती. टाचा उंचावून ते नुसते बघत राहिले.

चित्रकाराने खाली पाहिलं: मधोमध कोणी नाही. त्याने कुंचला चालवला. आधी डोकं गेलं, मग कमरेवरचा हात. पाठ सगळ्यात शेवटी गेली. मावशी दारातच थांबून बघत होती.

"माझं काहीच नाही का ठेवलंस?"

"बादली ठेवली," तो म्हणाला. "आणि पावलं. ती दिसतायत मला."

तपासणीसाहेबांनी भिंग लावलं. चित्रात मावशी नाही, खोलीत नाही. चित्रातली फरशी ओली, खोलीतलीही ओली. पावलं त्यांनी दोनदा मोजली. मग शेरा लिहिला: जुळते. साहेबांनी टाचा खाली टेकल्या आणि अर्जावर सही केली.

तिथे आता रोज हेडक्लार्क अर्धी फरशी पुसतात, आणि ओल्यावरून टायपिस्टबाई अनवाणी चालतात, कारण मापाची पावलं त्यांचीच निघाली. आता वाकवत नाही, असं हेडक्लार्कनीही साहेबांना कळवून ठेवलंय म्हणे.

मावशी लेकीकडे आहे. नात झाली. तिला मांडीवर घेऊन ती भिंतीला टेकून बसते. मंडळी, माझं एवढंच मागणं आहे. देवापुढे हात जोडाल, तेव्हा आपलं सगळं मागून झालं की शेवटी मावशीच्या पाठीसाठी एक शब्द टाका. अजून दुखते हो ती.